फ्रँचायझी घेण्यापूर्वी : उपाहारगृहाच्या व्यवसायातील हिशेब आणि विवेक

कापड, किराणा, सराफी आणि अडत या पेठांवर, तर दक्षिण महाराष्ट्रात शेतीवर, जैन समाजाची आर्थिक घडी अनेक पिढ्या उभी राहिली. आज या घरांतील तरुण मुले-मुली शिकून बाहेर पडली आहेत. वडिलांच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसण्यास त्यांचे मन घेत नाही आणि नोकरीतही जीव रमत नाही. अशा वेळी घरात एक नवा विषय निघतो : एखाद्या नामांकित उपाहारगृहाची फ्रँचायझी घ्यावी काय? नाव तयार, चव तयार, प्रशिक्षणही तयार. आपण फक्त जागा आणि भांडवल उभे करावयाचे, असे त्याचे सोपे चित्र मांडले जाते. या चित्रासाठी वडिलांची मुदतठेव मोडली जाते, आईचे दागिने गहाण पडतात आणि कित्येकदा राहते घर बँकेकडे तारण जाते. म्हणून हा विषय केवळ व्यापाराचा राहत नाही. तो संपूर्ण कुटुंबाच्या स्वास्थ्याचा होतो. त्यातून जैन घरासाठी आणखी एक प्रश्न उभा राहतो. आपल्या नावाने उघडलेल्या स्वयंपाकघरात काय शिजेल, कधी शिजेल आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा असेल?

विकत नेमके काय मिळते?

फ्रँचायझी घेणे म्हणजे व्यवसाय विकत घेणे नव्हे. ब्रँडचा मालक आपले नाव, बोधचिन्ह, पाककृती आणि कामाची पद्धत ठरावीक मुदतीसाठी वापरू देतो. त्याबद्दल प्रारंभी एकरकमी शुल्क आणि पुढे दरमहा विक्रीवर रॉयल्टी घेतो. मुदत संपली की नाव परत जाते. मागे उरतात ती यंत्रे, फर्निचर आणि जागेचा करार. त्यामुळे ‘आमचे हॉटेल’ हा शब्दप्रयोग कायद्याच्या दृष्टीने अर्धाच खरा असतो.

या व्यवहाराचे दोन प्रकार प्रामुख्याने दिसतात. पहिल्यात गुंतवणूकही घेणाऱ्याची आणि चालविणेही त्याचेच; बाजारात यास ‘फोफो’ म्हणतात. दुसऱ्यात गुंतवणूक घेणाऱ्याची, पण दुकान चालविते कंपनी. यास ‘फोको’ म्हणतात. दुसरा प्रकार नोकरदारांना आणि निवृत्तांना मोहात पाडतो, कारण त्यात घरबसल्या दरमहा ठरावीक परताव्याचे आश्वासन दिलेले असते. येथे एक साधा प्रश्न विचारावा. धंदा इतका निश्चित असेल, तर कंपनी बँकेचे स्वस्त कर्ज न घेता अनोळखी कुटुंबाची पुंजी अधिक परतावा देऊन का मागते? त्या आश्वासनामागे कंपनीच्या ताळेबंदाखेरीज दुसरे तारण नसते. म्हणून तो ताळेबंद सनदी लेखापालाकडून तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कायद्याचे संरक्षण किती?

अमेरिकेत १९७९ पासून फ्रँचायझी विक्रीसाठी केंद्रीय नियम आहे. त्यानुसार फ्रँचायझी देणाऱ्याला आपली आर्थिक स्थिती, न्यायालयीन वाद, बंद पडलेल्या शाखा अशी २३ प्रकारची माहिती लेखी द्यावी लागते, तीही करारावर सही होण्याच्या किमान १४ दिवस आधी. भारतात फ्रँचायझीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. १८७२ चा करार कायदा, १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा, १९९६ चा लवाद कायदा अशा सर्वसाधारण कायद्यांच्या आधारेच हे व्यवहार चालतात. याचा अर्थ स्पष्ट आहे : जे करारपत्रात लिहिलेले नाही, ते नाही. विक्री प्रतिनिधीने चहाच्या टेबलावर दिलेला शब्द, माहितीपत्रकातील नफ्याचे आकडे आणि मोबाइलवर आलेले संदेश यांवर पुढे लढणे अत्यंत कठीण जाते. म्हणून जी माहिती अमेरिकेतील ग्राहकाला कायद्याने मिळते, ती आपल्याकडील ग्राहकाने स्वतः लेखी मागावी. न देणाऱ्याशी व्यवहार करू नये.

भागीदार मोठा असला म्हणजे तो सुरक्षित असतो, असेही नाही. मॅकडोनाल्ड्सने १९९६ मध्ये दिल्लीत भारतातील पहिले उपाहारगृह उघडले. उत्तर व पूर्व भारतातील त्यांच्या भागीदाराशी २०१३ मध्ये वाद सुरू झाला. २०१७ मध्ये कंपनीने त्या भागातील १६९ उपाहारगृहांचे परवाना करार संपुष्टात आणले आणि २०१९ मध्ये तडजोड होईपर्यंत प्रकरण निरनिराळ्या न्यायाधिकरणांपुढे आणि न्यायालयांत चालले. ज्यांच्याकडे नामवंत वकिलांची फौज होती, त्यांची ही सहा वर्षे. एका शाखेच्या मालकाची तयारी किती असेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

तीन आकड्यांचा हिशेब

माहितीपत्रकात सहसा ‘तीस टक्के नफा’ किंवा ‘अठरा महिन्यांत भांडवल वसूल’ असे लिहिलेले असते. त्यावर विश्वास ठेवण्याऐवजी कागद-पेन्सिल घेऊन स्वतः हिशेब करावा. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपापल्या गावाचे आकडे त्या जागी घालावेत.

समजा, फ्रँचायझी शुल्क ५ लाख आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९० हजार, सजावट व यंत्रसामग्री १८ लाख, जागेची अनामत ४ लाख २० हजार, परवाने, पहिला माल व प्रशिक्षण १ लाख ९० हजार. एकूण ३० लाख झाले.

आता दरमहा खर्च पाहू. काही खर्च विक्री होवो अथवा न होवो, करावाच लागतो. भाडे ७० हजार आणि त्यावरील कर १२,६००, पगार १ लाख १० हजार, वीज व गॅस ४० हजार, किरकोळ १५ हजार, मिळून २,४७,६०० रुपये. उरलेला खर्च विक्रीच्या प्रमाणात वाढतो. कच्चा माल विक्रीच्या ३५ टक्के, रॉयल्टी ६ टक्के, जाहिरात निधी २ टक्के आणि त्या दोहोंवर १८ टक्के कर. विक्रीपैकी ४० टक्के घरपोच सेवेच्या ॲपवरून होते आणि ॲपचे कमिशन २२ टक्के आहे असे धरले, तर त्यावरील करासह तो खर्च एकूण विक्रीच्या सुमारे १०.४ टक्के होतो. वेष्टनाला सुमारे ३.३ टक्के. या सर्वांची बेरीज सुमारे ५८.२ टक्के येते. म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीतून भाडे, पगार आणि वीज यांसाठी साधारण ४१ रुपये ८० पैसेच हाती राहतात.

यावरून तीन चित्रे निघतात. महिन्याची विक्री ५ लाख असेल, तर दरमहा सुमारे ३८ हजारांचा तोटा. विक्री ६ लाख असेल, तर ना नफा ना तोटा. हाती जेमतेम साडेतीन हजार. विक्री ८ लाख असेल, तर सुमारे ८७ हजार शिल्लक आणि भांडवल वसूल होण्यास जवळजवळ तीन वर्षे. तीस लाखांपैकी १५ लाख कर्जाचे असतील, व्याज ११ टक्के आणि मुदत पाच वर्षे असेल, तर त्या ८७ हजारांतून सुमारे ३२,६०० रुपयांचा हप्ता जातो. मालक स्वतः बारा तास उभा राहतो त्याचा पगार आणि यंत्रांची झीज यांत धरलेली नाही.

सरासरी बिल २०० रुपयांचे मानले, तर तोट्याच्या चित्रात दिवसाला सुमारे ८३ बिले होतात, बरोबरीच्या चित्रात १०० आणि नफ्याच्या चित्रात १३३. संसार बुडणे आणि तरणे यांत दिवसाच्या पन्नास बिलांचे अंतर आहे. म्हणून त्याच ब्रँडच्या, आपल्यासारख्याच गावातील एखाद्या शाखेजवळ आठवडाभर बसावे आणि बिले मोजावीत. सोमवार-मंगळवारचे दुपारचे तास विशेष लक्षपूर्वक पाहावेत. शनिवार-रविवारची गर्दी दिशाभूल करते. ज्या गावात अपेक्षित ग्राहकांत जैन कुटुंबे अधिक, तेथे पर्युषण, दशलक्षण आणि चातुर्मासाचे दिवसही हिशेबात घ्यावेत.

कराचा मुद्दा वेगळा सांगावा लागतो, कारण तो बहुधा शेवटी कळतो. मोठ्या तारांकित हॉटेलांच्या आवारातील अपवाद सोडता, १५ नोव्हेंबर २०१७ पासून उपाहारगृहाच्या बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो. मात्र मालकाने आपल्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट त्याला मिळत नाही. कापडाच्या वा यंत्रसामग्रीच्या व्यापाऱ्याला वजावटीची सवय असते. येथे शुल्क, रॉयल्टी, भाडे आणि कमिशन यांवरील १८ टक्के कर हा निव्वळ खर्च होय.

शिवाय सहा महिन्यांचा स्थिर खर्च, म्हणजे या उदाहरणात जवळजवळ १५ लाख रुपये, वेगळे ठेवल्याखेरीज दुकान उघडू नये. अनेक दुकाने वाईट चवीमुळे नव्हे, तर पहिल्या सहा महिन्यांचा श्वास न पुरल्यामुळे बंद पडतात.

करारपत्र वाचताना

करारपत्र बहुधा इंग्रजीत आणि लांबलचक असते. वकिलाकडून ते मराठीत समजावून घ्यावे आणि पुढील कलमांवर बोट ठेवून प्रश्न विचारावेत.

व्यापारचिन्ह खरोखर नोंदलेले आहे काय? उपाहारगृह सेवेचा वर्ग ४३ वा असून व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्याची स्थिती कोणालाही पाहता येते. केवळ अर्ज केलेल्या नावासाठी लाखो रुपये मोजणे धोक्याचे आहे.

आपल्या परिसरात दुसरी शाखा उघडणार नाही, अशी हमी आहे काय? असल्यास ती घरपोच सेवेलाही लागू आहे काय? शेजारच्या पेठेत दुकान न उघडता केवळ ॲपवर चालणारे स्वयंपाकघर उघडले, तरी ग्राहक विभागले जातात.

माल कंपनीकडूनच घेणे बंधनकारक आहे काय आणि त्याचे दर कोण ठरवितो? रॉयल्टी कमी दाखवून मालावर नफा काढण्याची रीत या धंद्यात आहे. रॉयल्टी करासह विक्रीवर की करावेगळ्या विक्रीवर, विक्री कमी झाली तरी किमान रॉयल्टी द्यावी लागते काय, आणि सवलतींचा भार कोणावर, हेही लिहून घ्यावे.

फ्रँचायझीची मुदत आणि जागेच्या कराराची मुदत जुळते काय? जागा तीन वर्षांची आणि फ्रँचायझी नऊ वर्षांची असेल, तर चौथ्या वर्षी घरमालक सांगेल ते भाडे द्यावे लागते. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ अन्वये हा करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे.

वाद झाल्यास लवाद कोठे बसेल? सांगलीच्या दुकानदाराला प्रत्येक तारखेला दुसऱ्या राज्यात जावे लागले, तर न्याय मिळण्याआधीच तो थकतो. करार मुदतीपूर्वी सोडावयाचा झाल्यास दंड किती, आणि नंतर तसाच व्यवसाय करण्यावर बंदी आहे काय?

शेवटी, सही करणाऱ्याचे काही बरेवाईट झाले तर काय? वारसाला दुकान चालविण्याचा हक्क आहे की करार आपोआप संपतो? आणि वैयक्तिक हमीपत्रावर पत्नीची किंवा आईची सही घेतली जात असेल, तर त्या हमीचा अर्थ त्यांना आधी समजावून सांगणे हे घरातील कर्त्याचे कर्तव्य आहे. ‘येथे सही कर’ एवढ्यावर घरातील स्त्रीधन पणाला लावू नये.

स्वयंपाकघरावर अधिकार कोणाचा?

फ्रँचायझीत पदार्थांची यादी कंपनी ठरविते. आज शाकाहारी असलेला ब्रँड उद्या अंड्याचे पदार्थ आणू शकतो आणि करारात तसे लिहिले असेल, तर शाखाचालकाला नकार देता येत नाही. म्हणून ‘ही शाखा करार संपेपर्यंत पूर्णतः शाकाहारी राहील आणि अंडेविरहित राहील’ अशी अट स्वतंत्र कलम म्हणून घालून घ्यावी.

हिरव्या ठिपक्यावर विसंबूनही चालत नाही. अन्नसुरक्षा नियमांनुसार अंडे मांसाहारात मोडते, परंतु मध मात्र त्यातून वगळलेला आहे. म्हणजे मध घातलेल्या पदार्थावर हिरवा ठिपका कायदेशीर असतो. जैन आचारात मध अभक्ष्य आहे. कांदा, लसूण, बटाटा आदी कंदमुळांचा तर त्या चिन्हाशी संबंधच नाही. जैन आहारासाठी वेगळे शासकीय चिन्ह नाही. त्यामुळे फलकावर ‘जैन पदार्थ मिळतील’ असे लिहिले, की त्याची सत्यता केवळ दुकानदाराच्या सचोटीवर उभी असते. तयार सॉस, मसाले, पावाचे पीठ, चीजमधील रेनेट, मेयोनेझ यांचे घटक कंपनीकडून लेखी घ्यावेत. तेल, तवा, सुरी आणि भांडी वेगळी ठेवण्याची मुभा कराराने दिली आहे काय, ते पाहावे. केंद्रीय स्वयंपाकघरातून येणाऱ्या रश्श्यात कांदा-लसूण आधीच असेल, तर शाखेत तो काढता येत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य व्रताचे अतिचार सांगताना ‘प्रतिरूपकव्यवहार’ सांगितला आहे, म्हणजे एका वस्तूच्या नावाखाली दुसरी खपविणे. ज्या साधर्मिकाने विश्वासाने ताट पुढे ओढले, त्याला नकळत कंदमूळ वाढणे यात याहून वेगळे काय आहे? तेथेच ‘विरुद्धराज्यातिक्रम’ही आहे. बिल न देता विक्री करून कर चुकविणे त्यात येते.

वेळेचा प्रश्न त्याहून अवघड आहे. उपाहारगृहाची मोठी विक्री सायंकाळनंतरच होते आणि अनेक करारांत रात्री उशिरापर्यंत दुकान उघडे ठेवण्याची अट असते. ज्या घरात रात्रिभोजनत्याग पाळला जातो, त्या घरातील मुलगा रोज रात्री अकरापर्यंत इतरांना जेवू घालील, तेव्हा घरात काय घडेल? यावर प्रत्येक कुटुंबाचे उत्तर वेगळे असू शकते. श्रावकासाठी सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म आणि रसवाणिज्य यांचा उल्लेख आहे. आपला नियोजित व्यवसाय त्यांच्या जवळ किती जातो, हे गुरुमहाराजांना विचारून समजून घ्यावे. मात्र हा विचार सहीच्या आधी झाला पाहिजे. तीस लाख अडकल्यानंतर विचारलेला प्रश्न उत्तरासाठी नसतो, समाधानासाठी असतो. फराळ, खाकरा, सुका नाश्ता, मिठाई यांसारख्या दिवसा चालणाऱ्या दुकानांचा पर्याय अशा घरांनी अवश्य तपासावा.

फसवणुकीचे नवे मार्ग

नामांकित ब्रँडच्या नावाने बनावट संकेतस्थळ काढून ‘नोंदणी शुल्क’ उकळणाऱ्या टोळ्या सध्या सक्रिय आहेत. हुबेहूब बोधचिन्ह, मंजुरीचे पत्र, बँकेचे खाते, सर्व काही असते. फक्त कंपनी नसते. कंपनीच्या कार्यालयात प्रत्यक्ष गेल्याशिवाय आणि कंपनीच्या नावाच्याच खात्याची खातरजमा केल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. फसवणूक झालीच, तर संकोच न करता तत्काळ १९३० या राष्ट्रीय साहाय्यक्रमांकावर तक्रार नोंदवावी. पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

परवान्यांचेही तसेच. अन्नसुरक्षा नोंदणी वा परवाना, महापालिका वा नगरपालिकेची परवानगी, अग्निशमन दलाचा दाखला, दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणी आणि मराठीतील ठळक नामफलक या गोष्टींची जबाबदारी शाखाचालकाची असते. जागा निवडताना गृहनिर्माण संस्थेची हरकत आणि धुराड्याची सोय आधी पाहावी. भाडे सुरू झाल्यावर नव्हे.

सहीपूर्वीचा महिना

सर्व चौकशी समाधानकारक झाली, तरी एक महिना थांबावे. त्या महिन्यात त्याच ब्रँडच्या किमान पाच शाखाचालकांना भेटावे आणि त्यांपैकी दोघे तरी दुकान बंद केलेले असावेत. कंपनीने दिलेल्या यादीत ते नसतात. ते शोधावे लागतात. ज्याला दुकान चालवावयाचे आहे, त्याने शक्य झाल्यास एखाद्या उपाहारगृहात महिनाभर नोकरासारखे काम करावे. आचारी न आल्याचा दिवस, गॅस संपल्याची संध्याकाळ आणि रागावलेला ग्राहक हे सर्व त्याने दुसऱ्याच्या पैशावर पाहून घ्यावे. त्यानंतरही त्याचे मन टिकले, तर घराने त्याच्या पाठीशी उभे राहावे.

आणि किती भांडवल घालावे, याचे उत्तर उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाच्या कथेत सापडते. वाणिज्यग्रामच्या या धनिकाकडे बारा कोटी सुवर्णमुद्रा होत्या. त्यांपैकी चार कोटी ठेव म्हणून सुरक्षित होत्या, चार कोटी व्यापारात होत्या आणि चार कोटी घरसंसारात. भगवान महावीरांकडून व्रते घेताना त्याने परिग्रहाची मर्यादाही याच संपत्तीवर बांधून घेतली. व्यापार बुडाला असता, तरी त्याचे घर आणि त्याची ठेव उभीच राहिली असती. आजच्या कुटुंबाने राहते घर, मुलांच्या शिक्षणाची रक्कम आणि वृद्धांच्या औषधपाण्याची तरतूद व्यापाराच्या बाहेर ठेवावी. जे उरेल त्यातूनच फ्रँचायझीचा विचार करावा. तेवढ्यात ती बसत नसेल, तर लहान ब्रँड पाहावा, विश्वासू भागीदार घ्यावा किंवा दोन वर्षे थांबावे. विचारपूर्वक थांबलेल्या घराची पत बाजारात कमी होत नाही.